आभाराच्या पानावर चाचांचं नाव

हे सगळं सुरू झालं ते एका आचाऱ्याच्या अर्जावरून.

केजला तहसील कचेरीसमोर माझा टायपिंगचा क्लास आहे. सकाळ-संध्याकाळ पोरं-पोरी परीक्षेसाठी शिकायला येतात आणि मधल्या वेळात मी लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाईप करून देते. त्या दिवशी एका वसतिगृहात स्वयंपाक करणारा माणूस आला. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती, धुरानं डोळे जात होते, म्हणून त्याला अर्ज द्यायचा होता. मी विषय लिहिला, ‘आचाऱ्यांच्या खोलीस खिडकी बसविणेबाबत’. म्हणजे मी तसा लिहिला असं मला वाटलं. कागदावर आलं ‘आचार्यांच्या खोलीस’.

तासाभरानं तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि विचारलं होतं, “तुमच्या वसतिगृहात आचार्य कधीपासून राहायला लागले? आणि आचार्यांना खिडकी कशाला पाहिजे? ते तर डोळे मिटूनच बसतात.” सगळी कचेरी हसली होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी सैपाक करतो. मला आचार्य कावून केलं?”

मला त्याच्याकडे बघवेना. कारण चूक मला माहीत होती. चार-पाच महिन्यांपूर्वी मी क्लासातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटची, ओपन सोर्स म्हणतात ती प्रणाली टाकून घेतली होती. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं आतलं सगळं लिखाण उघडं असतं. कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही वापरावं. त्यात मराठी टाईप करायला एक वेगळं सॉफ्टवेअर होतं. आपल्या जुन्या टाईपरायटरच्या कळांप्रमाणे चालतं असं त्याच्यावर लिहिलेलं होतं. बरंचसं चालायचंही. पण ‘दुसऱ्या’ लिहिलं की ‘दुसर्या’ यायचं, ‘शेतकऱ्याचा’ लिहिलं की ‘शेतकर्याचा’. र ला पुढच्या अक्षराशी जोडणारी ती छोटी वाकडी रेघ त्याला माहीतच नव्हती. ते सगळीकडे आपला रफार चढवायचं. पहिली वेलांटी टाईपरायटरच्या सवयीनं अक्षराच्या आधी मारली की ती ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला चिकटून बसायची. मी प्रत्येक कागद छापून झाला की पेनानं दुरुस्त करत होते. त्या दिवशी विसरले.

त्याला मी नवा अर्ज हातानं लिहून दिला आणि तो गेल्यावर त्या सॉफ्टवेअरच्या तक्रारीच्या पानावर गेले. तिथं सगळं इंग्रजीत चालायचं. मला इंग्रजी वाचता येतं, पण भांडता येत नाही. म्हणून मी मराठीत लिहिलं. मराठी टाईप करायच्या सॉफ्टवेअरची तक्रार मराठीत करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही, असं पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. खाली आचाऱ्याची हकीकत लिहिली.

दोन दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं. तिथला एक इंजिनिअर नोकरी सांभाळून हे काम बघत होता. त्यानं सरळ माफी मागितली. म्हणाला, “आम्हा कुणालाही खरा टाईपरायटर माहीत नाही. इंटरनेटवर सापडलेल्या एका चित्रावरून आम्ही कळा बसवल्या. तुम्ही सगळ्या कळांचा नकाशा देऊ शकाल का? कोणती कळ कशाआधी दाबायची, हेही हवंय.”

मी टाईपरायटरवर शिकलेली, पण माझी बोटं शिकलेली, डोकं नाही. नकाशा काढायला बसले तर तिसऱ्या ओळीतच अडकले. माझ्या माहितीत केजमध्ये ते सांगू शकेल असा एकच माणूस होता.

त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचा टाईपरायटर दुरुस्त करायचे. एके काळी कचेरीतली, कोर्टातली, शाळांतली, क्लासांतली झाडून सगळी मशिनं त्यांच्या हाताखालून जायची. अंबाजोगाई, धारूर, कळंबपर्यंत ते सायकलच्या कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधून जायचे. मी ज्या मशिनवर शिकले तेही त्यांनीच उभं केलेलं. टाईपरायटर गेले आणि चाचा भांड्यांच्या दुकानासमोर बसायला लागले. विजेच्या छोट्या मशिननं भांड्यांवर नावं टाकून द्यायला. लग्नात द्यायची पातेली, मंदिराला दिलेली समई, मशिदीला दिलेलं पाण्याचं पिंप, शाळेला दिलेली ताटं. ‘यांचेकडून सप्रेम भेट.’ वय सत्तरच्या पुढं. हात थोडा कापतो, पण सुई पत्र्याला टेकली की थांबतो.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“वेलांटी आधी येती,” ते म्हणाले. “ती आधीच आली पाहिजे. ती डेड की हाय. दाबली तरी मशिनीची गाडी पुढं सरकत न्हाई, अक्षराची वाट बघत थांबती. एवढंबी माहीत न्हाई त्या लोकांना?”

“नाही माहीत.”

“मग कीबोर्ड बनवायला कुणी सांगितलंतं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी नमाज आटोपून ते क्लासात आले. बाजाराचा दिवस सोडला तर पुढं अडीच-तीन महिने ते दुपारी तासभर येत राहिले. मी पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाचा ताव टेबलावर अंथरला. चाचा डोळे मिटायचे, दहाही बोटं कोऱ्या टेबलावर ठेवायचे आणि एकेक बोट दाबत सांगायचे. खाली काय, वर काय, कोणती कळ गाडी सरकवते, कोणती नाही. रफार अक्षर मारून झाल्यावर येतो, वेलांटी आधी येते, अनुस्वार सगळ्यांत शेवटी. आचाऱ्याची ती वाकडी रेघ नेमकी कुठल्या कळेवर होती हे त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“ती सगळ्या मशिनीत नव्हती, बेटी. कोर्टातल्या मशिनीत होती. शाळंतल्यात न्हाई. शाळंतल्या मशिनीत मी दुसरा अक्षराचा खिळा घासून बसवून दिलता. हेडमास्तर म्हणलंते, ‘दुसऱ्या’ शब्द नीट यायला पाहिजे.”

म्हणजे ज्या अक्षरावरून आचाऱ्याची थट्टा झाली, ते अक्षर या माणसानं कित्येक वर्षांपूर्वी कानशीनं घासून मशिनीत बसवलं होतं. हे मी पुण्याला जसंच्या तसं लिहिलं.

पुण्याचा माणूस बदल करून पाठवायचा, आम्ही तपासायचो. चाचा माझ्या शेजारी बसून पडद्यावर बघायचे आणि मला शब्द सांगायचे: कऱ्हाड, वऱ्हाडी, तऱ्हा, सुऱ्या. एकदा सगळं बरोबर आलं तरी ते नाही म्हणाले. का, तर ठरावीक दोन कळा लागोपाठ जलद दाबल्या की दुसरं अक्षर गळत होतं. मी म्हटलं, इतक्या जलद कोण दाबतं? ते म्हणाले, “परीक्षेला बसलेली पोरगी.” आणि खरंच होतं. पुण्याच्या माणसाला ती चूक सापडायला तीन आठवडे लागले.

शेवटी नवी आवृत्ती आली. क्लासातल्या पोरींनी त्याच दिवशी ती वापरली आणि एकीलाही काही वेगळं जाणवलं नाही. चांगल्या दुरुस्तीची हीच खूण असते, असं चाचा म्हणाले.

नव्या आवृत्तीबरोबर आभाराचं पान आलं. मी असं पान आधी कधी नीट पाहिलं नव्हतं. सगळ्यांत वर सोनेरी चौकटीत मोठ्या देणगीदारांची बोधचिन्हं, तळहाताएवढी. त्याखाली चंदेरी चौकटीतली जरा लहान. मग नुसती नावं. आणि सगळ्यांत खाली, ज्यांनी काम केलं त्यांचे बारीक गोल चेहरे. ज्याचे बदल जास्त तो आधी. माझाही गोल होता, करडा, कारण मी फोटो लावला नव्हता. मी दोनदा वरून खाली गेले. चाचा कुठंच नव्हते.

मी लगेच लिहिलं. उत्तर आलं, तेही सभ्य भाषेत. यादी कुणी हातानं करत नाही, प्रोग्राम आपोआप करतो. ज्याचं खातं आहे आणि ज्याच्या खात्यावरून बदल झाला आहे, त्याचंच नाव येतं. ‘तुमचे चाचा सिस्टीममध्ये नाहीत.’

ते वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मी कचेरीसमोर बसते. दिवसातून दहा माणसं माझ्या दारात येऊन हेच सांगतात. रेशनकार्डावर बायकोचं नाव आहे, पण सिस्टीममध्ये नाही. म्हातारी समोर उभी आहे, पण सिस्टीम तिचा अंगठा घेत नाही. जिवंत माणसानं आपण आहोत हे सिद्ध करायचं आणि ते टाईप मी करायचं. हे मी सरकारकडून ऐकत आले होते. ज्यांनी सगळं उघडं ठेवलंय, सगळ्यांचं आहे असं लिहून ठेवलंय, त्यांच्याकडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

पुण्याच्या माणसानं उपाय सुचवला. चाचांच्या नावानं तुम्हीच एक खातं काढा, त्यावरून एखादा किरकोळ बदल पाठवा, एखादा स्वल्पविराम. नाव आपोआप येईल. त्याचा हेतू चांगला होता. मी चाचांना विचारलं.

“म्हणजे मी जे केलं ते लिहायचं न्हाई,” चाचा म्हणाले, “आन् जे केलं न्हाई ते माझ्या नावावर लिहायचं?”

“हो.”

“मग नको.”

त्यांनी तेवढ्यावर विषय संपवला आणि समोरच्या ताटावर कुणाचं तरी नाव टाकायला लागले. मी मात्र संपवला नाही.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या होत्या, केजच्या टायपिंग क्लासनं मराठी सॉफ्टवेअर सुधारलं म्हणून. साहेबांच्या कार्यालयातून कुणीतरी पुण्याला फोन केला आणि साहेबांच्या ट्रस्टनं देणगी पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी आभाराच्या पानावर सोनेरी चौकटीत ट्रस्टचं बोधचिन्ह आलं, त्यात साहेबांचा हात जोडलेला फोटो. चौकातल्या फ्लेक्सवर असतो तोच.

मग मला फोन. साहेब स्वतः बोलत होते.

“ताई, तुमी आपल्या तालुक्याचं नाव काढलं. आपण सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह.”

“साहेब, काम चाचांनी केलंय. त्यांचा ठेवा.”

“कोण चाचा?”

मी सांगितलं.

“ते भांड्यावाले? बघू, त्यांनाबी बोलवू. खाली बसतील समोर.”

“मग मीपण खालीच बसते,” मी म्हटलं. “वर तुम्ही एकटेच बसा.” आणि फोन ठेवला. तालुक्याला राहून साहेबांशी असं बोलत नाहीत.

चाचांना हे सांगितलं तर ते हसले. “त्यांचं नाव मी लई पातेल्यांवर टाकलंय,” म्हणाले. “मागच्या सामुदायिक लग्नात तर हात दुखायला लागलंता. तू कावून भांडतीस, बेटी? देणाऱ्याचं नाव भांड्यावर असतंय. भांडं बनवणाऱ्याचं कवा बघितलंस का?”

“नाही बघितलं. म्हणूनच भांडते.”

दुसऱ्या दिवशी मी प्रकल्पाच्या सगळ्या लोकांना जाईल असं एक पत्र लिहिलं. मराठीत. ते माझ्याकडे अजून आहे. त्यात मी लिहिलं की चाचांशिवाय ही आवृत्ती झाली नसती, हे तुमच्याच पत्रव्यवहारात दिसतं. ज्यांनी पैसे दिले त्यांचे आभार जरूर माना, पैशाशिवाय सर्व्हर चालत नाही हे मला कळतं. पण पैसे देणाऱ्याचा फोटो तीन दिवसांत येतो आणि तीन महिने दुपारी येऊन बसणारा माणूस तुम्हाला दिसत नाही, तर तुमच्या बघण्यात खोट आहे. आणि शेवटी लिहिलं: चाचांचं नाव येत नसेल तर माझंही काढा. करडा गोल रिकामा करा.

त्यावर जी चर्चा झाली ती आठवडाभर चालली. काहीजण माझ्या बाजूनं बोलले. एकानं लिहिलं, सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचं नाव घालायचं ठरवलं तर यादी कधी संपायचीच नाही. मी उत्तर दिलं, “नसू दे संपत. कागद थोडाच लागतोय तुम्हाला?” आणखी एकानं लिहिलं की मी भावनिक होतेय. त्याला मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं सुचवलं की शेवटी ‘आणि इतर सर्व ज्ञात-अज्ञात मदतनीस’ अशी ओळ घालू. त्याला मात्र दिलं. म्हटलं, अज्ञात कोण? त्यांचं नाव मी तुम्हाला चौदा वेळा लिहून पाठवलंय.

आठव्या दिवशी मला परदेशातून फोन आला. ज्या बाईंनी हे सॉफ्टवेअर मुळात सुरू केलं त्यांचा. मराठीच होत्या, बरीच वर्षं बाहेर असलेल्या. मला वाटलं आता इंग्रजीत सुनावतील. त्या थकल्यासारख्या, सावकाश मराठीत बोलल्या.

“ती आपोआप होणारी यादी मीच केली,” त्या म्हणाल्या. “का केली सांगू? आधी यादी हातानं व्हायची, आणि माणसं नावासाठी भांडायची. माझं वर का नाही, त्याचं आधी का. दोन चांगली माणसं त्यापायी सोडून गेली. म्हटलं, मोजायचं काम मशीनला देऊ. मशीन कुणाचं नातेवाईक नसतं.”

हे मला माहीत नव्हतं, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येईना.

मग म्हटलं, “पण मशीनला फक्त मशीनवर घडलेलं दिसतं ना, बाई. खाकी कागदावर घडलेलं त्याला कसं दिसणार?”

“तेही खरं आहे. मग कोण बघणार? मला वेळ नाही, पुण्यातल्याला नाही. तुम्ही करता यादी?”

मला वाटतं त्यांना मी मागं सरेन असं वाटलं असावं. तक्रार करणारा माणूस काम अंगावर आलं की बहुतेक वेळा मागं सरतो. मी म्हटलं, “करते. पण माझ्या पद्धतीनं.”

“म्हणजे कशी?”

माझी पद्धत मी फोनवरच ठरवली. एकच यादी. सोनेरी नाही, चंदेरी नाही, फोटो नाहीत. सगळी नावं देवनागरीत, कारण तोवर मराठी सॉफ्टवेअरच्या आभाराच्या पानावर एकही नाव मराठीत नव्हतं. क्रम वर्णमालेचा. आणि प्रत्येकाच्या नावापुढं त्यानं काय केलं ते एका ओळीत. देणगी दिली असेल तर ‘देणगी दिली’, तेवढंच.

“देणगीदार जातील,” त्या म्हणाल्या.

“काही जातील.”

“तुम्हाला चालेल?”

“मला चालून काय उपयोग? तुम्हाला चालेल का?”

त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. त्यांच्या त्या हो म्हणण्याला हिंमत लागली असणार; सर्व्हरचा भार त्यांच्यावर होता, माझ्यावर नव्हता. हे मला पुढं उमगलं.

यादी करायला मला पाच आठवडे लागले. जुना सगळा पत्रव्यवहार वाचून काढला. कुणी चूक दाखवली, कुणी शब्द दिले, कुणी नुसतं तपासलं. चाचांना विचारलं, तुमच्यापुढं काय लिहू? त्यांनी लगेच सांगितलं नाही. दोन दिवसांनी स्वतः क्लासात आले आणि म्हणाले, “लिही, टाईपरायटर मेकॅनिक, केज. कळांचा नकाशा दिला. बस.”

“फोटो वगैरे कुणाचाच नाही.”

“फोटो मी दिलाबी नसता.”

पान लागलं त्या दुपारी मी मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. नाव वाचलं. मात्रा, अनुस्वार, सगळं तपासलं. मग विचारलं, “माझ्या वर कोण हाय?”

“बंगळुरूचा एक इंजिनिअर.”

“आन् खाली?”

“साहेबांचा ट्रस्ट.”

चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. दुकानदारानं आतून पाणी आणून दिलं. हसू आवरल्यावर त्यांनी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली आणि मोबाईल दाखवला. मग फळवाल्याला. मग दुकानात पातेलं घ्यायला आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या एका बाईंनाही. मला वाटलं होतं, या माणसाला नावाचं काही नाही. मी चुकले होते. त्यांना ते हवं होतं. मागायचं नव्हतं एवढंच. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते जिथं असायला हवं तिथं आहे.

साहेबांचा फोन आठवड्यानं आला. “ताई, आमचं नाव एकदम खाली गेलंय. फोटोबी न्हाई.”

“वर्णमालेनं लावलंय, साहेब.”

“थोडं वर घेता येत न्हाई का?”

“वर्णमालेला पुढारी कळत नाहीत, साहेब. बाराखडी पहिलीच्या वर्गापासून तशीच आहे.”

त्यांनी आवाज चढवला नाही. बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी ट्रस्टची देणगी आली नाही. आणखी दोन बोधचिन्हवाले गेले. साहेबांच्या कार्यालयातून माझ्याकडे येणाऱ्या पत्रिका, निवेदनं, सगळं टायपिंग बंद झालं, आणि समोरच्या गल्लीतल्या एकाकडे जायला लागलं. दोन-तीन ओळखीचे म्हणाले, कशाला वाकड्यात गेलात? माझ्या घरचेही तेच म्हणाले. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: मी वाकड्यात गेले नाही, मी ओळ सरळ केली. सर्व्हर काही काळ अडखळत चालला, मग बऱ्याच लोकांनी थोडं थोडं देऊन तो चालता ठेवला. त्या सगळ्यांची नावं मी बसून टाईप केली. हात दुखले, पण एकही गाळलं नाही.

असं मला वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात दिंद्रुडहून फोन आला. तिकडच्या एका शाळेतल्या शिक्षिका होत्या. आवाज असा, की वर्ग गप्प बसावा.

“तुमी ती आभाराची यादी करता ना?”

“हो.”

“पोरांचे चुकणारे शब्द म्हणून मी सहा महिने याद्या पाठवल्या. चारशेच्या वर शब्द. माझं नाव कुठं हाय?”

मी शोधलं. नव्हतं. त्यांनी ते शब्द कागदावर लिहून, फोटो काढून एका भाच्याच्या ईमेलवरून पाठवले होते; मी भाच्याचं नाव घातलं होतं. कागदावरची सही मी नीट पाहिलीच नव्हती. मशीनला कागद दिसत नाही म्हणून मी भांडले होते, आणि मला तरी कुठं दिसला?

फोनवर माफी मागणं बरं वाटेना. रविवारी सकाळची एसटी धरली, धारूरचा घाट उतरून तेलगावला गेले आणि तिथून जीपनं दिंद्रुड. बाई अंगणात तूर पाखडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“चूक माझी झाली,” मी म्हटलं. “आजच नाव घालते. कसं लिहू ते सांगा.”

“आता घालताव व्हय? सगळ्यांनी बघून झाल्यावर?”

“हो, आता.”

“भाच्याचं काढा आधी. त्यानं नुसतं बटण दाबलंय.”

“बटण दाबलं तेही काम आहे. त्याचं राहू द्या, पुढं ‘शब्द पाठवण्यास मदत’ असं लिहिते. तुमच्यापुढं ‘शब्द दिले’.”

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. हा हट्ट त्यांना पटला की नाही, कळलं नाही. मग आत जाऊन त्यांनी एक वही आणली, चारही बाजूंनी भरलेली, आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

“शब्द दिले न्हाई,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासून गोळा केले. तसं लिहा. एक अक्षरबी कमी चालायचं न्हाई.”

मी तिथंच पायरीवर बसून मोबाईलवर त्यांची ओळ लिहिली आणि त्यांना वाचायला दिली. त्यांनी लाल पेन मागितला.